स्मरण बाबूजींचे : गोमंतकाच्या एका स्नेह्याचे

(मंडळाच्या स्मरणसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुधीर फडके यांच्या स्मरणाची सभा म्हटली, की आपण सगळे गाण्याची वाट पाहत बसतो. त्यात गैर काहीच नाही. रामनवमीच्या सुमारास गोव्यातल्या कितीतरी देवळांत आजही गीतरामायणाचे कार्यक्रम होतात आणि माणसे सहकुटुंब येऊन ऐकतात. परंतु आज मंडळाने ही सभा बोलावली ती गायक-संगीतकार फडके यांच्यासाठी नव्हे. गाण्यांची आठवण अख्खा महाराष्ट्र काढतो, तेथे आपली भर ती काय पडणार! गोव्यातल्या मराठी माणसाला बाबूजींची आठवण काढायला आणखी एक, अधिक जवळचे कारण आहे. गोव्यासाठी लढलेला एक तरुण परमुलखातल्या तुरुंगात अडकून पडला होता. गोवा मुक्त झाला तरी तो सुटला नव्हता. त्या कठीण काळात जो स्नेही त्याच्यामागे उभा राहिला आणि काम होईपर्यंत बाजूला झाला नाही, तो हा गाणारा माणूस होता.

तो तरुण म्हणजे मोहन रानडे. मंडळातल्या ज्येष्ठांना हे नाव सांगावे लागत नाही. परंतु मागच्या रांगांत बसलेल्या मुलामुलींपैकी किती जणांनी ते ऐकले असेल याची आम्हाला शंका आहे, म्हणून थोडे मागून सांगतो.

रानडे मूळचे सांगलीचे, खरे नाव मनोहर आपटे. सावरकर बंधूंच्या विचारांनी भारलेला हा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर गोव्यात आला तो मराठीचा शिक्षक म्हणून. फोंडा महालात सावईवेऱ्याला त्याने मुलांना शिकवले. त्या काळी गोव्यात मराठी शाळा चालवणे म्हणजे काय होते, हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. सरकारी मदत नाही, देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर वर्ग, आणि मास्तरांची जेवणाची सोय गावातल्या घरांतून. दिवसा अक्षरे गिरवून घेणारा हा मास्तर आझाद गोमंतक दलाचा क्रांतिकारक होता. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी हे त्या दलाचे म्होरके. सत्याग्रहाने साळाझार बधणार नाही, असे या मंडळींचे ठाम मत होते. ते बरोबर की चूक हा वाद तेव्हाही होता आणि आजही जुनी माणसे भेटली की रंगतो. आम्ही त्यात शिरत नाही.

आता बाबूजींकडे वळू. कोल्हापुरात २५ जुलै १९१९ रोजी एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव राम. लहानपण सुखाचे, पण पुढे घराची घडी विस्कटली आणि ऐन उमेदीत या मुलाच्या वाट्याला वणवण आली. मुंबईत राहायला जागा नाही, खिशात पैसा नाही. मग उत्तर हिंदुस्थानात गावोगाव फिरणे, मिळेल तेथे गाणे, मिळेल ते खाणे आणि काही न मिळाल्यास तसेच झोपणे. 'जगाच्या पाठीवर' या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. ते पुस्तक त्यांच्या हातून पुरे झाले नाही आणि त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ज्याने असे दिवस काढले त्याला दुसऱ्याचे दुःख कळणारच, असे आपण चटकन बोलून जातो. ते काही खरे नाही. असे दिवस काढलेली कितीतरी माणसे पुढे कोरडी होतात, 'आम्हाला कोणी विचारले होते का' म्हणत दार लावून घेतात. बाबूजींचे तसे झाले नाही, एवढेच आपण म्हणू शकतो.

गोव्याशी त्यांचे नाते जुळले ते दादरा-नगरहवेलीमार्गे. १९५४ सालची ही गोष्ट. पोर्तुगीजांच्या ताब्यातला तो मुलूख चारी बाजूंनी भारताने वेढलेला. तो आधी सोडवला तर गोव्याची वाट सुकर होईल, असा विचार पुढे आला. पुण्या-मुंबईच्या काही तरुणांनी तयारी सुरू केली. त्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे, बिंदुमाधव जोशी ही मंडळी होती आणि सुधीर फडकेही होते. हत्यारांना पैसा हवा. तेव्हा पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि तो पैसा या कामी लागला. गाण्याच्या तिकिटातून बंदुका! ऐकताना गंमत वाटते, पण घडले ते असे.

जुलैच्या अखेरीस दादरा सुटले होते. वेगवेगळ्या संघटनांचे लोक वेगवेगळ्या बाजूंनी घुसले आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पडले. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे लोक होते, रानडे होते, आणि चित्रपटांना चाली लावणारे बाबूजीही होते. पस्तिशीतला, संसारी, नाव झालेला माणूस. त्याने मुंबईत बसून शुभेच्छा पाठवल्या असत्या तरी कोणी बोल लावला नसता. पण ते गेले. पुढे जे मैत्र टिकले त्याचे मूळ येथे आहे.

यानंतरचे वर्ष गोव्याच्या इतिहासात फार वेगाने गेले. १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह झाला. पत्रादेवी आणि इतर नाक्यांवर निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक सत्याग्रही पडले. पाठोपाठ भारत सरकारने सरहद्द बंद केली आणि सत्याग्रहींना जायला मनाई केली. बाहेरून येणारी मदत आटली. आत जे होते ते एकटे पडले. अशा वेळी ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावर आझाद गोमंतक दलाने हल्ला केला. पणजीच्या धक्क्यावर उभे राहिलात की मांडवीपलीकडे जी बेती दिसते, तीच. त्या चकमकीत रानडे गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. वय पंचविशीचे. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची.

एक तारीख येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झाले होते. आठवड्याला एक गीत, अशी एकूण छप्पन्न. म्हणजे रानडे बेतीला रक्ताच्या थारोळ्यात पडले तेव्हा बाबूजी आठवड्याच्या आठवड्याला माडगूळकरांच्या शब्दांना चाली लावत होते. घरोघर रेडिओपुढे माणसे जमत होती. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान त्यांना त्याच वर्षी मिळत होता. अशा वेळी जुने सोबती मनातून मागे पडले तर नवल नसते.

रानड्यांना आधी इथल्या कोठडीत आणि पुढे पोर्तुगालला लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवले. त्यांतली काही वर्षे एकांतवासात गेली. बरोबरचे बहुतेक सुटले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, त्रिदिब चौधरी हे सत्याग्रही १९५७ च्या सुरुवातीला मुक्त झाले. ते भारतातून गेलेले, नावाजलेले, त्यांच्यामागे पक्ष होते. रानडे हत्यार घेतलेले. त्यांची केस वेगळी.

मग १९ डिसेंबर १९६१ आला. भारताच्या फौजा पणजीत आल्या, चारशे एक्कावन्न वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. आग्वादचे दरवाजे उघडले. ज्या दिवसासाठी रानड्यांनी आयुष्य पणाला लावले तो दिवस उगवला, आणि ते स्वतः मात्र हजारो मैलांवर, ज्या राजवटीचा पराभव झाला तिच्याच राजधानीशेजारी बंद होते! दिवस सत्ताधाऱ्यांच्या सुडाचे होते. गोवा गेल्याचा राग काढायला त्यांच्या हाती जी मोजकी माणसे उरली होती, त्यांत हे एक.

आम्हाला या ठिकाणी एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष वेधायचे आहे. गोव्यात शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात होते. मे १९६२ पर्यंत त्यांना सन्मानाने मायदेशी पाठवण्यात आले. भारताच्या हाती एवढे कैदी असताना मोहन रानडे आणि तेलो मास्कारेन्हस यांची सुटका त्या व्यवहारात होऊ शकली नाही. मास्कारेन्हस हे पोर्तुगीज भाषेत कविता करणारे गोमंतकीय देशभक्त, तेही तेथेच शिक्षा भोगत होते. मुत्सद्देगिरीत काय शक्य असते आणि काय नसते हे आपल्यासारख्यांनी बाहेरून सांगणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तरीपण ही संधी गेली, आणि ती गेल्यामुळे एका माणसाची आणखी जवळजवळ सात वर्षे गेली, हे नोंदवून ठेवलेच पाहिजे.

इकडे गोव्यात काय चालले होते? डिसेंबर १९६३ मध्ये निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले. विलीनीकरण व्हावे की न व्हावे यावर गावे दुभंगली. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. तो काळ पाहिलेली माणसे सांगतात, की घराघरांत त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मराठी की कोंकणी, फूल की दोन पाने! हे सगळे महत्त्वाचेच होते. आमचे मंडळ तर त्या प्रश्नातून अंग काढून घेणाऱ्यांतले नव्हे. पण जिवंत प्रश्नांची गर्दी झाली की तुरुंगातला माणूस हळूहळू बातमीतून उतरतो. तो मेलेला नसतो म्हणून त्याचे स्मारक होत नाही, आणि समोर नसतो म्हणून त्याचा सत्कारही होत नाही.

त्या वर्षांत मुंबईत बाबूजींनी रानड्यांच्या सुटकेचे काम हाती धरून ठेवले होते. त्यासाठी विमोचन समिती उभी राहिली आणि तिच्यामागचा हात त्यांचा होता. अशा समितीचे काम कसे असते हे येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. पहिल्या सभेला सभागृह भरते, दुसऱ्या सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात, तिसरीला चिटणीस आणि खजिनदार एवढेच येतात. निवेदने द्यायची, पोच घ्यायची, उत्तर आले नाही की पुन्हा स्मरणपत्र पाठवायचे. दिल्लीला गेलेल्या माणसाकडून निरोप द्यायचा. आणि इथे तर सरकार आपले असूनही त्याच्या हाती फारसे काही नव्हते. पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तुटलेले. पोर्तुगालच्या लेखी गोवा हा त्यांच्याच देशाचा प्रांत, भारताने बळकावलेला. त्यामुळे रानडे हे त्यांच्या कायद्याने त्यांच्याच देशात गुन्हा केलेले कैदी. लिस्बनला भारताचा वकील नाही, तर दार ठोठावणार कोणाचे?

हे करणारा माणूस कोण, तर दिवसाकाठी दोन-दोन चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत अडकलेला संगीतकार. ज्या काळात त्यांनी 'भाभी की चूडियाँ' सारख्या चित्रपटाचे संगीत दिले, 'जगाच्या पाठीवर' केला, तोच हा काळ. चालीतला एक स्वर मनासारखा लागेपर्यंत गायकाला सोडायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. पुष्कळांना ते हट्टी वाटत. आम्हाला वाटते, की तोच हट्ट त्यांनी रानड्यांच्या बाबतीत वापरला. एरवी स्नेह, कळवळा हे शब्द आपण मऊ अर्थाने वापरतो. पण चौदा वर्षे जो टिकतो त्या कळवळ्यात मऊपणापेक्षा चिवटपणाच जास्त असावा लागतो.

आणखी एक गोष्ट. बाबूजी संघाचे स्वयंसेवक, सावरकरांचे भक्त. ही त्यांची ओळख त्यांनी कधी लपवली नाही. पण सुटकेचे दार उघडायचे तर ते आपल्याच विचारांच्या माणसाने उघडावे, असा आग्रह त्या सगळ्या धडपडीत कोठे दिसत नाही. आणि दार उघडण्याच्या कामी शेवटी कोण आले? तर मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुरै, आणि रोमचे पोप!

सी. एन. अण्णादुरै हे नाव आपल्याकडे आठवते ते १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनामुळे. मार्च १९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९६८ मध्ये त्यांच्या सरकारने शाळांतून हिंदी हटवून तमिळ आणि इंग्रजी एवढ्या दोनच भाषांचे धोरण विधानसभेत मंजूर करून घेतले. देवाधर्माच्या कर्मकांडाला विरोध करणाऱ्या द्रविड चळवळीतून आलेला हा नेता. त्याच १९६८ साली येल विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते परदेशी गेले. त्या दौऱ्यात व्हॅटिकनला पोप पॉल सहावे यांची त्यांनी भेट घेतली, आणि मागणे काय मागितले? आपल्या राज्यासाठी काही नव्हे. पोर्तुगालच्या तुरुंगात मोहन रानडे नावाचा एक भारतीय आहे, त्याच्या सुटकेसाठी आपण शब्द टाकावा, असे त्यांनी पोपना सांगितले.

रानडे तमिळ नव्हते. त्यांच्या सुटकेने द्रविड मुन्नेत्र कळघमला एक मत वाढणार नव्हते. रानड्यांचे सावरकरवादी विचार आणि अण्णादुरै यांचे विचार यांत तर दोन ध्रुवांचे अंतर. पण पोपची वेळ मिळालेल्या त्या मोजक्या मिनिटांत त्यांना हा माणूस आठवला.

पोपच का, असा प्रश्न कोणी विचारील. साळाझारची राजवट स्वतःला कॅथलिक धर्माची रक्षक म्हणवत असे. पण रोमशी तिचे सगळेच गोड नव्हते. डिसेंबर १९६४ मध्ये हेच पोप मुंबईला धर्मपरिषदेसाठी आले, तेव्हा भारतात जाणे म्हणजे पोर्तुगालचा अपमान, अशी ओरड लिस्बनच्या सरकारने केली होती. त्यानंतर मे १९६७ मध्ये पोप पोर्तुगालला फातिमाच्या यात्रेला जाऊन आले. म्हणजे भारताविषयी आस्था असलेला आणि लिस्बनमध्ये ज्याचा शब्द खाली पडू देणे जड जाईल, असा जगात कोणी असेल तर तो हाच. दार अगदी योग्य निवडले होते.

एका विनंतीने सगळे झाले असेही आम्ही म्हणत नाही. १९६८ च्या उत्तरार्धात साळाझार आजाराने निकामी झाले आणि सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले. नवा माणूस आला की जुन्या हट्टातून मोकळे व्हायला थोडी वाट मिळते. संसदेत झालेली विचारणा, समितीची वर्षानुवर्षांची निवेदने, पोपचा शब्द आणि लिस्बनमधला बदल, हे सगळे एकत्र आले. जानेवारी १९६९ मध्ये मोहन रानडे सुटले. पंचविशीत आत गेलेला माणूस चाळिशीकडे झुकून बाहेर आला. गोव्यात ज्या शाळेत त्यांनी शिकवले तेथली मुले तोवर बापये झाली होती.

कोणी म्हणेल, की आज ना उद्या ते सुटलेच असते. मास्कारेन्हसही पुढे १९७० साली सुटले, हे खरे. पण काशियशच्या तुरुंगाचे दरवाजे राजकीय कैद्यांसाठी खऱ्या अर्थाने उघडले ते एप्रिल १९७४ मध्ये, पोर्तुगालच्या लष्करानेच ती हुकूमशाही उलथवल्यावर. त्या कैद्यांत स्वतः पोर्तुगीज लोकशाहीवादीही होते. भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व पोर्तुगालने कराराने मान्य केले ते त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी. वाट पाहत बसले असते तर ती १९७४ पर्यंतही पाहावी लागली असती. मधली पाच वर्षे या स्नेह्यांनी रानड्यांना मिळवून दिली.

अण्णादुरै तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते. न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली होती, पण दुखणे हटले नाही. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी ते गेले. ज्याच्यासाठी शब्द टाकला त्या माणसाची आणि त्यांची भेट झालीच नाही. रानडे मद्रासला गेले ते त्यांच्या समाधीपुढे हात जोडायला. आभार मानायला माणूस उशिरा पोहोचावा आणि उशिराचे कारण तुरुंग असावा, यापेक्षा चुटपुट लावणारी गोष्ट कोणती!

पुढची हकीकत थोडक्यात. रानड्यांनी सत्तेचे पद शोधले नाही. गोव्यातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी आणि समाजसेवेसाठी ते काम करत राहिले. 'सतीचे वाण' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ जून २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाबूजींनी नंतरच्या वर्षांत असाच हट्ट दोन कामांत दाखवला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तिचे ते पहिले अध्यक्ष. ग्राहक पंचायतीची कल्पना ज्यांची, ते बिंदुमाधव जोशी नगरहवेलीतलेच सोबती. आणि 'वीर सावरकर' हा चित्रपट, जो लोकवर्गणीतून उभा करत करत त्यांनी २००१ मध्ये पडद्यावर आणला. त्यानंतर काही महिन्यांनी, २९ जुलै २००२ रोजी ते गेले. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट आला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. या सभेची तयारी करताना मंडळात दोन प्रकारचे आक्षेप आले. पहिला असा, की फडके हे एका विशिष्ट विचाराचे, मंडळात सर्व विचारांचे लोक आहेत, तर त्यांचे स्मरण मंडळाने का करावे? दुसरा त्याच्या अगदी उलट बाजूने आला. फडक्यांचे स्मरण करा, पण अण्णादुरै यांचा उल्लेख कशाला? ज्यांनी हिंदी नाकारली, ज्यांच्या पक्षाला आपला धर्म पटत नाही, त्यांचा आपल्या मराठीच्या व्यासपीठाशी संबंध काय?

पहिल्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. रानड्यांना सोडवताना बाबूजींनी कोणाला विचार विचारला नाही, तर त्यांचे स्मरण करताना आपण तो का विचारावा? त्यांच्या राजकारणाशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनी ते खुशाल ठेवावेत. येथे बसलेल्यांतही ते आहेत.

दुसऱ्या आक्षेपाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल. आपण गोव्यात मराठीसाठी भांडतो. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला, त्यात मराठीला जे स्थान मिळाले ते पुरेसे नाही असे आपले म्हणणे आहे, आणि ते आपण सनदशीर मार्गाने मांडत राहणार. अशा वेळी स्वतःच्या भाषेसाठी लढणारा माणूस दिसला की आपल्याला तो ओळखीचा वाटायला हवा, मग तो तमिळ असो की कन्नड, आणि हो, कोंकणीसाठी लढणारा असला तरी. भाषेवर कडवे प्रेम करणारा माणूस दुसऱ्या भाषेच्या माणसाचा वैरीच असला पाहिजे, असे आपल्याला हल्ली सभांमधून सांगितले जाते. आपल्याही सभांमधून सांगितले जाते, हे मान्य करू. अण्णादुरै यांनी व्हॅटिकनमध्ये जे केले ते या समजुतीत बसत नाही. तमिळसाठी ते दिल्लीशी भांडले आणि सांगलीच्या एका मराठी मास्तरासाठी पोपपुढे उभे राहिले. दोन्ही एकाच माणसाने केले. ज्यांना हे जुळवता येत नाही त्यांनी आपली समजूत तपासावी.

कार्यकारिणीत यावर दोन बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी बहुमताने असे ठरले, की मंडळाच्या वाचनालयात बाबूजींच्या आणि रानड्यांच्या तसबिरीशेजारी अण्णादुरै यांची तसबीर लावायची, आणि येत्या ३ फेब्रुवारीला सायंकाळी त्यांच्या स्मरणार्थ एक छोटेखानी कार्यक्रम करायचा. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांनाही त्या दिवशी बोलायची संधी मिळेल, त्यांनी आपली बाजू जरूर मांडावी. पणजी-मडगावात राहणाऱ्या तमिळ मंडळींना बोलावणे पाठवायचे आहे. ते काम आमच्यातल्या तरुणांनी घ्यावे.

आणि एक विनंती ज्येष्ठांना. रानड्यांच्या सुटकेसाठी त्या काळी गोव्यातही सह्या गोळा झाल्या असतील, पत्रके निघाली असतील, कोणाकडे वर्गणीच्या पावत्या असतील, जुन्या अंकांची कात्रणे असतील. माळ्यावरच्या पेट्यांत, देवघराच्या फडताळात, कोठेही. पावसाळ्यात वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा आणि वाचनालयात आणून द्या. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच आठवड्यात घरपोच परत करण्याची जबाबदारी मंडळाची. वाचनालय सोमवार सोडून रोज सायंकाळी पाच ते आठ उघडे असते.